काळ्या रेशमातल्या विहिणी

तोक्योतल्या मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानात एका शनिवारी सकाळी लग्नाची मिरवणूक समोरून आली. पुढे पुजारी आणि दोन मिको, म्हणजे देवस्थानातल्या सेविका, मागे मोठ्या लाल छत्रीखाली शुभ्र वेशातली वधू आणि वर. माझी नजर मात्र त्यांच्यामागून संथ पावलांनी चालणाऱ्या, काळेभोर रेशीम ल्यालेल्या दोन प्रौढ स्त्रियांवर खिळली. आमच्याकडे काळी चंद्रकळा संक्रांतीपुरती; लग्नघरात काळे नेसून गेले असते, तर आजीने उंबऱ्यावरूनच परत पाठवले असते. इथे मात्र त्या दोघी चक्क विहिणी होत्या, आणि वरमाय कोणती, वधूमाय कोणती, हे वेशावरून काही केल्या ओळखू येईना.

या किमोनोला कुरोतोमेसोदे म्हणतात आणि विवाहित स्त्रीचा हा सर्वांत औपचारिक पोशाख मानला जातो. अविवाहित मुलीच्या फुरिसोदेच्या बाह्या पार पायांपर्यंत लोंबतात, याच्या आखूड असतात. कमरेच्या वर नक्षीचा ठिपकाही नसतो. असतात ती फक्त घराण्याची पाच पांढरी चिन्हे, पाठीवर एक, बाह्यांच्या मागे दोन आणि छातीवर दोन. सगळी हौस कमरेखालच्या घेरावर. कमरेला सोनेरी-रुपेरी ओबी, म्हणजे रुंद कापडी पट्टा, आणि तिच्यात खोचलेला छोटा पंखा, जो वारा घ्यायला कधीच उघडायचा नाही.

तसाच एक किमोनो पुढे क्योतोत हाताळायला मिळाला. तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो आणि तिथे जुन्या किमोनोंचे ढीगच्या ढीग पडलेले असतात. त्यातला एक उलगडला, तर घेरावरच्या क्रौंचाचा पंख एका पट्टीवरून शिवण ओलांडून दुसऱ्या पट्टीवर गेला होता, आणि जोडावर पिसाची एक रेघही चुकलेली नव्हती. किमोनोचे कापड जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर पन्ह्याचे, म्हणून आधी तात्पुरते टाके घालून चित्र आखतात, मग ते उसवून रंगवतात आणि पुन्हा शिवतात. आत कडेला पांढऱ्या रेशमाची पट्टी होती. पूर्वी खाली खरोखरच दुसरा किमोनो घालत, त्याची ही आठवण.

पाठीवर ओकच्या तीन पानांचे चिन्ह होते. भाड्याने मिळणाऱ्या कुरोतोमेसोदेवर बहुधा किरी झाडाच्या पानाफुलांचे, कुणालाही चालणारे चिन्ह असते. हे मात्र कुणाच्या तरी घरचे होते. घ्यावासा खूप वाटला, पण हात पुढे होईना. विक्रेत्या आजींनी काही न बोलता तो शिवणीवर शिवण ठेवून दुमडला आणि त्याची सपाट, लांबट घडी केली. मी त्यांच्याकडून ओबीवर बांधायची एक पांढरी दोरी तेवढी घेतली.