‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ आणि आमचे मोठेबाबा

टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ स्वतःला ‘मिलिटरी सिटी यूएसए’ म्हणवून घेतं. अमेरिकन हवाई दलात शिपाई म्हणून भरती होणारी पोरं-पोरी प्राथमिक प्रशिक्षणासाठी इथल्या लॅकलँड तळावर येतात. जेमतेम दोन महिन्यांनी निळ्या गणवेशात बाहेर पडतात आणि भेटायला आलेल्या आईवडिलांबरोबर रिव्हर वॉकला, नदीकाठच्या बाजारात फिरतात. तिथं अनोळखी माणसं त्यांना थांबवून हात पुढे करतात आणि म्हणतात, ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’. अठरा-एकोणीस वर्षांचं ते पोरगं कानापर्यंत लाल होतं. त्याची सेवा अजून सुरूसुद्धा झालेली नसते.

मी फोनवर हे सांगते तेव्हा आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या घरी सगळ्यांना फार कौतुक वाटतं. “पाय बाई, तिकडे फौजीले केवढा मान!” असं आई म्हणते. मान आहे, खराच आहे. विमानात चढताना सेवेतल्या सैनिकांना आधी बोलावतात. मोठ्या दुकानांबाहेर माजी सैनिकांच्या गाड्यांसाठी राखीव जागा असतात. ११ नोव्हेंबरला, म्हणजे व्हेटरन्स डेला, कितीतरी हॉटेलांत त्यांना जेवण फुकट मिळतं. पण मी इथं फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक पुष्कळ असतात. वर्षानुवर्षं पाठीवर ओझं वाहून गुडघे आणि कंबर गेलेली माणसं. व्यायाम करून घेताना बोलायला वेळ असतो, आणि ही माणसं त्या वाक्याबद्दल जे बोलतात ते आईला फोनवर सांगून संपणारं नाही, म्हणून इथं लिहितेय. कुणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ साली थांबली. तेव्हापासून फौजेत जातो तो स्वतःहून. आज प्रत्यक्ष सेवेत असलेले लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत. बहुतेक घरांत फौजेतलं कुणीच नसतं. २००१ च्या हल्ल्यानंतर हे वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागलं. त्याच काळात अफगाणिस्तानची लढाई वीस वर्षं चालली आणि बाकीच्या देशाचं रोजचं आयुष्य जसंच्या तसं राहिलं. म्हणणाऱ्यांच्या आवाजात मला आदराइतकंच थोडं ओशाळलेपणही ऐकू येतं. ऐकणाऱ्यांनाही ते कळतं. २०१९ सालच्या एका पाहणीत सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं होतं की हे वाक्य ऐकलं की अवघडल्यासारखं होतं.

का होतं, ते प्रत्येकाचं वेगळं. एकजण म्हणतात, मी कॉलेजच्या फीसाठी गेलो होतो, फौजेने फी भरली, हिशेब मिटला, आभार कशाचे? दुसऱ्यांनी सगळी नोकरी ट्रकांची इंजिनं दुरुस्त करण्यात काढली. कुणी हात मिळवला की आपण दुसऱ्याचं काहीतरी चोरून घेतोय असं त्यांना वाटतं. एक बाई हवाई दलात मेकॅनिक होत्या. त्या आणि त्यांचे यजमान दुकानात गेले की लोक यजमानांचा हात हातात घेऊन आभार मानतात. यजमान शाळेत गणित शिकवतात. बाई हे सांगताना हसल्या नाहीत, आणि मलाही हसू आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. तो लढाईत गेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी जिवंत माणसाचे आभार मानले की काहीजणांच्या चेहऱ्यावर अक्षरशः वेदना दिसते. ज्याचं नाव त्यांच्या मनात सकाळपासून फिरत असतं तो तर परतलाच नाही.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार मात्र अशी: लोक म्हणतात आणि निघून जातात. घरी आलेल्या पाहुण्याला दारातच वाकून नमस्कार करावा आणि आत या न म्हणता दार लावून घ्यावं, तसं काहीसं. कुठं होतात, काय काम होतं, सोबत कोण होतं, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर नेमकं एकच विचारतात, कुणाला मारलं का. त्या प्रश्नाची चीड मी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकली आहे.

व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले म्हातारे यात वेगळे पडतात. ते परतले तेव्हा देश त्या युद्धावर चिडलेला होता आणि तो राग यांच्या वाट्याला आला. गणवेश पिशवीत कोंबून साध्या कपड्यांत घरी गेलेले लोक आहेत. एजंट ऑरेंज नावाचं झाडांची पानं झाडणारं विषारी औषध तिथं फवारलं गेलं होतं. त्यातून झालेले आजार सरकारने कायद्याने मान्य करायला १९९१ साल उजाडलं. हे म्हातारे एकमेकांना भेटले की ‘थँक यू’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘वेलकम होम’. पन्नास वर्षांनंतरही तेच. शेवटच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममधून २९ मार्च १९७३ ला निघाल्या, आणि २०१७ पासून तो दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो. त्या दिवशी टोपीवर पदकं लावून व्यायामाला येणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं की तुम्हाला तरी हे आभार आवडतात का? ते म्हणाले, “उशिरा आले. पण कुणी बसून ऐकलं तर आवडतात.”

त्यांचं हे वाक्य डोक्यात घेऊनच या जानेवारीत मी गावी गेले.

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, महार रेजिमेंटमध्ये होते. आमच्याकडे वर्धा-यवतमाळ पट्ट्यात, विशेषतः आमच्या समाजात, या रेजिमेंटचा वेगळाच अभिमान आहे. १९४१ साली ती उभी राहिली त्यात बाबासाहेबांचा वाटा होता, हे आम्हाला शाळेच्या आधी घरी शिकवलं जातं. मोठेबाबा १९८० च्या सुमारास भरती झाले, मध्य प्रदेशातल्या सागरला प्रशिक्षण झालं आणि १९९८ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. गाव त्यांना हवालदारच म्हणतं. पहाटे कालव्याच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोट्टी सोळाशे मीटर धावतात, तेव्हा मोठेबाबा मफलर गुंडाळून हातात घड्याळ धरून उभे असतात. बारकी पोरं विचारतात, “मोठेबाबा, किती मारले?” ते म्हणतात, “पहिले पाय उचल.” टेक्सासमध्ये ऐकलेला तोच प्रश्न, आमच्या कालव्यावर.

आता जी गोष्ट सांगतेय ती मला आधी माहीत नव्हती. दर २६ जुलैला गावात कारगिल विजय दिवस होतो. मोठेबाबांना खुर्चीत बसवून शाल-नारळ देतात. मागे फ्लेक्स असतो, त्यावर त्यांचा फोटो आणि खाली ‘कारगिल वीर’. कारगिलची लढाई १९९९ सालची. मोठेबाबा त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त होऊन तुरीला पाणी देत होते.

“तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?” मी विचारलं.

“सांगतलं ना. पहिल्या वर्षी सांगतलं, दुसऱ्या वर्षी सांगतलं. सरपंच म्हणे, फौजी तं फौजी, काय फरक पडते. मंग सोडून देल्लं.” मग थोडं थांबून म्हणाले, “फरक पडते बाई. जे कारगिलात मेले त्याइचा हार माह्या गळ्यात येते.”

फ्लेक्स छापणाऱ्या पोरांच्या मनात खोट नव्हती. टीव्हीवर घराघरांत दिसलेली पहिली लढाई कारगिलची, त्यामुळे पुढच्या पिढीसाठी प्रत्येक फौजी तिथलाच. पण ज्या लढाईत हा माणूस खरोखर होता, तिच्याबद्दल गावात कुणी एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्या कुणीत आमचं घरही आलं.

मोठेबाबा श्रीलंकेत होते. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिथं गेली. तामिळ बंडखोरांकडून शस्त्रं जमा करून घ्यायची, असं काम होतं. ऑक्टोबरपासून त्याच बंडखोरांशी, एलटीटीईशी, लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या तोवर आपले जवळपास १२०० जवान गेले होते. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र महार रेजिमेंटच्याच मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळालं. मोठेबाबांची बटालियन वेगळी. पण हे नाव घेताना ते खाटेवर सरळ होऊन बसले.

“आमाले सांगतलं, शांती करायले चाललो. हातात बंदूक अन् म्हणे शांती. ताडाची झाडं, लाल माती, अन् रस्त्याखाली सुरुंग. पाय कोठी ठेवा हेच कयेना. खामगावकडचा एक पोट्टा होता माह्या संगं, त्याच्या बॅगेत घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती. थो गेल्यावर थे पुडी माह्यापाशी रायली.”

परत आले तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागत होतं, पण तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री त्याला आले नाहीत. तिथल्या लोकांच्या दृष्टीने ही फौज तामिळांवरच चालून गेली होती. बाजू समजून घेता येते. पण जहाजातून उतरणाऱ्या जवानाला ती कोण समजावून सांगणार? पुलगाव स्टेशनवर उतरले तेव्हा आजोबा बैलगाडी घेऊन आले होते, आणि गाडीत बसल्यापासून पऱ्हाटीचा भाव काय चाललाय ते बोलले. मोठेबाबांना ते बरं वाटलं होतं. “बापाले काय इचारावं हे कयत नसन,” एवढंच म्हणाले.

मी त्यांना अमेरिकेतलं सगळं सांगितलं. विमानात आधी चढणं, फुकट जेवण, रस्त्यात थांबवून आभार मानणं. ते म्हणाले, “धन्यवाद कायचा? पगार घेतला ना मी. घरी कोरडवाहू जमीन अन् खाणारी तोंडं सात. भरती झालो तवा देश माह्या डोक्यात नोता, मनिऑर्डर होती. देश मंग आला, रेजिमेंटमधी गेल्यावर.” व्हिएतनामच्या आजोबांबद्दल मात्र खोदून खोदून विचारलं. त्यांची पेन्शन किती, पाय कशाने गेला, मुलं बघतात का. मग म्हणाले, “त्याले सांगजो, इकडंबी एक हाय म्हणा.”

मान कशात असतो याबद्दल माझं मत या भेटीत पक्कं झालं. दर नोव्हेंबरात मोठेबाबा हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जातात. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, अंगठ्याचं यंत्र त्यांना ओळखत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, उद्या या. फ्लेक्सवरचा वीर बाकावर बसून राहतो. त्याच महिन्यात इथं अमेरिकेत फुकट जेवणाच्या रांगा असतात, आणि त्याच रांगेतला माणूस अपंगत्वाच्या दाव्याच्या निकालाची कित्येक महिने वाट बघत असतो. आभार मानूच नयेत असं मी म्हणत नाही. व्हिएतनामच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरताना मी पाहिले आहेत. पण माणूस कुठं होता हे न विचारता मानलेले आभार भलत्याच लढाईच्या नावावर जमा होतात, आणि त्याची स्वतःची लढाई तो एकटाच सांभाळत बसतो.

कालव्यावर धावणारी पोट्टी आता अग्निवीर म्हणून जातील. २०२२ पासून नवी पद्धत आहे. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील, बाकीचे पंचविशीच्या आसपास फौज सोडून गावात परततील. त्यांच्याशी कसं बोलायचं हे आपल्याला लवकरच शिकावं लागणार आहे.

१४ जानेवारीला संक्रांत होती. १९५३ साली याच तारखेला लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून आपल्याकडे हा माजी सैनिक दिन. गावात कुणाला माहीत नव्हतं, मोठेबाबांनाही नाही. मी सांगितल्यावर ते म्हणाले, “असन.” संध्याकाळी धावणारी चार पोट्टी तीळगूळ द्यायला आली, त्यांना मी अंगणातच बसवलं आणि म्हटलं, आज किती मारले हे विचारायचं नाही, बाकी काहीही विचारा. पहिला प्रश्न आला, तिथं जेवायला काय मिळायचं? मोठेबाबा त्यावर बराच वेळ बोलले. दुसरा, पाऊस असला की झोपायचे कुठं? तिसऱ्या प्रश्नाला चटणीची पुडी आली. पोट्टी घरी गेली तेव्हा पार अंधार पडला होता.

आता दर रविवारी माझा पुतण्या मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून मला पाठवतो. खामगावकडच्या त्या जवानाच्या घरी मोठेबाबा कधी गेले नाहीत, हिंमत झाली नाही म्हणतात. आता जायचं आहे, पण गावाचं नाव नीट आठवत नाही. खामगावपासून एसटीने तासाभरावर, गावाबाहेर मोठी विहीर, घरात तीन बहिणी, एवढंच सांगतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या वाचकांपैकी कुणाच्या गावातला जवान १९८७ ते १९९० दरम्यान श्रीलंकेत गेला असेल, तर खाली प्रतिक्रियांत त्याचं नाव न लिहिता मला मेल करा. मोठेबाबा यायला तयार आहेत, उन्हाळ्याच्या आत.