गच्ची बघितलीच नव्हती

अकोल्यात एसी फिटिंगचं काम करतो, हा चौदावा सीझन. गेल्या महिन्यातली एक कंप्लेंट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतोय.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, एका दुकानाकडून फिटिंग आली होती. वरचा मजला, रिटायर्ड काका-काकू, काकांना दमा. कूलरच्या ओल्या हवेने त्यांची छाती भरते आणि आमच्याकडे उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, कूलरला पाणी तरी कुठून घालणार, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा एसी घेतला. खोली 10 बाय 12. दुकानात गणित ठरलेलंच असतं, 120 स्क्वेअर फुटापर्यंत एक टन, 180 पर्यंत दीड, त्याच्या वर दोन. एक टनाचा तीन स्टार इन्व्हर्टर एसी, 32 हजारांत दिला. मी दुपारी दोनला गेलो, दीड तासात लावला, पुढच्या घरी निघालो. त्या दिवशीची ती चौथी फिटिंग होती.

मे च्या तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन, "भाऊ, रूम थंडच होत नाही रे, रात्री दोनलासुद्धा एकतीसच दाखवते." तोपर्यंत एक टेक्निशियन तीनदा येऊन गेला होता, गॅस कमी आहे म्हणाला आणि 2,800 रुपये घेऊन टॉप-अप मारून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला मशीन छोटं पडतंय, दोन टन घ्या. दोन टनाचं त्याच दुकानाचं कोटेशन काकांनी टेबलावर पेपरवेटखाली ठेवलेलं होतं, मशीन, स्टॅबिलायझर, मीटरपासून चार एमएमची नवीन वायर, स्टँड, सगळं धरून 61 हजार. काका मला म्हणाले एफडी मोडायची का ते सांग.

मी आधी गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर, काढलाच नाही. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा स्पीड सारखा बदलतो तसं प्रेशरही बदलतं, नुसता गेज लावून गॅस कमी म्हणणं म्हणजे अंदाजपंचे आहे आणि आर-32 हा गॅस काट्यावर वजन करून भरायचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं पण काटा सोबत कोण ठेवतो! मी इंडोअरच्या वरून आत जाणारी हवा मोजली, 31. खाली ग्रिलमधून येणारी, 19. बारा डिग्रीचा फरक, पातळ पाइपवर कुठे बर्फ नाही. मशीन ठणठणीत होतं. म्हणजे ते 2,800 रुपये गेलेच, त्याचं मला फार वाईट वाटलं, पेन्शनीतले पैसे आहेत ते.

मग टेंपरेचर गन वर केली. सीलिंग 43. संध्याकाळचे सहा वाजलेले. गच्चीवर गेलो तर उघडा काळपट स्लॅब, चपलेतून पाय भाजत होते. बाहेरच्यांना हे सांगितल्याशिवाय समजत नाही की एसी खोलीचे स्क्वेअर फूट थंड करत नाही, तो आत येणारी उष्णता बाहेर फेकतो. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू उष्णता, म्हणजे साधारण 3,500 वॅट (टन हा शब्दच बर्फावरून आलाय, एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी). सीलिंग 43 आणि खोली 27 ठेवायची म्हटलं तर माझ्या हिशोबाने स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून शंभरेक वॅट खाली येतात, खोली अकरा चौरस मीटर, म्हणजे अकराशे वॅट नुसत्या डोक्यावरून. शिवाय पश्चिमेची भिंत, आणि खोलीतच ठेवलेला फ्रिज. तीच 10 बाय 12 ची खोली खालच्या मजल्यावर असती तर हेच मशीन निवांत चाललं असतं.

अजून एक, स्टिकरवरचे वॅट हे बाहेर 35 डिग्री धरून मोजलेले असतात. आमच्याकडे मे मध्ये 44-45 रोजचं. बाहेर जेवढं गरम तेवढं मशीन कमी काम करतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो टन विचारू नका, लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये लिहिलेली असते ती वाचा, एक टन म्हणून 3,200 चं पण विकतात आणि 3,500 चं पण.

आणि मग मी बाल्कनीत गेलो. आऊटडोअर तिथेच होता, बंद बाल्कनीत, वर फायबरचा पत्रा, समोर दीड फुटावर भिंत, साइडला ग्रिलवर जुन्या गाद्या. आऊटडोअर जी हवा ओढत होता ती मोजली, 53. स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत होता बिचारा. एवढ्या तापमानाला इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच मशीन अर्ध्या ताकदीवर.

तो तिथे मीच लावला होता. बॉक्ससोबत तीन मीटर कॉपरचा पाइप येतो, त्यात बाल्कनी बसत होती. उत्तरेच्या भिंतीला न्यायचा तर चार मीटर जास्त लागला असता, 900 रुपये मीटर, शिवाय वेगळा स्टँड आणि झुल्यावर, म्हणजे दोराने लटकून, उतरून काम. काकांना विचारलंसुद्धा नाही. दुकानाचे शेठ म्हणतात एक्स्ट्रा सांगितलं की गिऱ्हाईक बिथरतं, आणि आम्हाला फिटिंगमागे ठरलेले पैसे मिळतात, वेळ गेला तर आमचाच जातो. हे खरं आहे. पण व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा काढणं, मी त्या दिवशी पूर्ण वीस मिनिटं पंप लावून केला होता, गॅस सोडून हवा काढायची चोरी मी कधी करत नाही, फ्लेअर, म्हणजे पाइपाचा जॉइंट, एकसुद्धा लीक नाही, आणि या गोष्टीचा मला कायम अभिमान वाटत आलाय. फक्त जिना चढून गच्ची बघितली नाही.

काकांना म्हणलं एफडी मोडू नका. त्याच बाल्कनीत दोन टनाचं मशीनसुद्धा गुदमरलं असतं, आणि वायर, बिल वेगळंच. बिल आधीच दुप्पट झालेलं कारण काकू 16 वर लावून ठेवायच्या, लवकर गार होईल म्हणून. होत नाही तसं, मशीन त्याच वेगाने ओढतं, फक्त थांबत नाही. जानेवारी 2020 पासून कंपन्या मशीन 24 वर सेट करूनच देतात ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हेल्परला घेऊन गेलो. गॅस आऊटडोअरमध्ये ओढून घेतला, युनिट उत्तरेच्या भिंतीवर नेलं, नवीन कॉपर, परत व्हॅक्यूम, वाढलेल्या पाइपापुरता गॅस काट्यावर. मटेरियलचे 5,200 घेतले, मजुरी घेतली नाही. गच्चीवर चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले, पोरगा म्हणाला हे आपलं काम नाही, म्हणलं आज आहे. अहमदाबादला महापालिका 2017 पासून वस्त्यांमध्ये अशा पांढऱ्या गच्च्या करून देतेय आणि आमच्या आज्या तर कधीपासून चुना मारायच्या. फ्रिज बाहेर काढला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक.

चार दिवसांनी परत संध्याकाळी सहालाच गेलो. सीलिंग 37. आऊटडोअरची हवा 44. खोली 26 आणि मशीन मधूनमधून स्पीड कमी करत होतं, तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं. काका झोपले होते.

काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "मार्चमध्ये गच्चीवर गेला नव्हतास का रे तू?" रागाने नाही, खरंच विचारत होत्या. मी नाही म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, बशीत अजून दोन बिस्किटं ठेवली.

शेठ नाराज आहेत, हातची दोन टनाची विक्री गेली, या महिन्यात मला फिटिंग निम्म्याच आल्या. ते काही वाईट माणूस नाहीत, पण जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 झाल्यावर गिऱ्हाईक वाढलंय आणि काउंटरवरच्या पोराला चार महिन्यांपूर्वी मोबाइल विकायची सवय होती, तो स्लॅब कसा विचारणार? विचारायला घरात जाणारा माणूस एकच असतो, फिटिंगवाला.

माझ्याकडे वही असते, पत्ते लिहिलेले. यावर्षीच्या वरच्या मजल्याच्या फिटिंग काढल्या, अकरा निघाल्या. रोज संध्याकाळी दोन-तीन फोन करतो. सात जण म्हणाले दुपारी थंड होत नाही, आम्हाला वाटलं असंच असतं. जठारपेठेतल्या एका ताईंनी तर एक टन काढून दीड टन लावूनही झालाय, दुसऱ्या कोणाकडून, आणि तो तिथेच बसवलाय, पत्र्याखालच्या बाल्कनीत. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत त्यांच्याकडे जातोय, गन आणि काटा घेऊन, आधी गच्चीवर.