एअर फिल्टरच्या पुढच्या नळीतली धूळ

मे महिन्यात संगमनेरच्या आमच्या गॅरेजवर एक पिकअप आली. अडीच लिटरचं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असलेलं डिझेल इंजिन, कॉमन रेल, बीएस-४, काटा एक लाख साठ हजारांच्या पुढे. काम क्रशरवरून खडी आणि कच भरून चंदनापुरी घाट चढायचं. मालक म्हणाले, "मिस्तरी, हवा वाढवून घेतली तरी गाडी घाटात मरते, आणि आता ऑइलही प्यायला लागलीय." आठ महिन्यांपूर्वी मूळ फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली तेलकट सुती जाळीचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. आता त्यांना त्याहून मोठा हवा होता.

अशा गाडीत मी आधी फिल्टर बघत नाही. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी सोडवतो आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसतो. इथे फडकं करडं झालं. त्या नळीत धुळीचा कणही नको, आणि इथे बोटांत चोळल्यावर कचकच लागत होती. टर्बोच्या तोंडात टॉर्च मारला तर कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा बोथट, वाळूने घासल्यासारख्या. शाफ्टला डायल गेज लावला तर आत-बाहेर ०.१८ मिलिमीटर खेळ. एवढ्या लहान टर्बोला ०.१० च्या वर खेळ मी चालवून घेत नाही. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन २६, २५, २१, २४ बार. तिसरा सिलिंडर घासला होता.

मग शक्तीचं कोडं. डिझेल इंजिनाची ताकद डिझेलने ठरते, हवेने नाही. हवा कमी पडत असेल तरच ती वाढवून फायदा. कमी पडते का, ते मोजता येतं, आणि खर्च काहीच नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्यायची, साठ सेंटिमीटरच्या दोन बाजू येतील असा यू करून फळीवर बांधायची, निम्मी रंगीत पाण्याने भरायची. एक टोक फिल्टर आणि टर्बोमधल्या नळीला, दुसरं मोकळं. दोन्ही बाजू अगदी शेजारी हव्यात, नाहीतर चढावर गाडी कलली की आकडा चुकतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीची रेस वाढवून हे मोजण्यात अर्थ नाही, भाराशिवाय टर्बो हवा दाबतच नाही. एक टन माल भरून, घाटात, पूर्ण अॅक्सिलरेटरवर, तीन हजार आरपीएमला मोजायचं.

शंकूवर पाण्याच्या पातळीत फरक आला १५० मिलिमीटर. टर्बो डिझेलच्या फिल्टरला ५०० ते ६२५ मिलिमीटरला बदलायची वेळ येते, म्हणजे अडथळा म्हणाल तर जवळपास नव्हताच. पण त्याच फेरीत थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) फिल्टरपाशी ६४ अंश दाखवले, बाहेर ३९. एवढ्या गरम हवेची घनता साडेसात टक्के कमी. पाण्याचा एक मीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा भाग. नंतर बंद डब्यावर २८० मिलिमीटर आले, म्हणजे शंकूने नळीतला १३० मिलिमीटरचा अडथळा वाचवला तरी हाती १.३ टक्के लागतात. मालकांनी एक टक्क्यासाठी साडेसात घालवले होते.

खरा घात तर सेन्सर ज्या नळीत बसतो त्या गळ्याने केला होता. एअर फ्लो सेन्सर हवेचा वेग ओळखतो आणि गळ्याचा व्यास ठाऊक आहे असं धरून वजन काढतो. मूळ गळा आतून ६६ मिलिमीटरचा, किटमधला ७२ चा. क्षेत्रफळ वाढलं, वेग घटला, सेन्सर सोळा टक्के कमी हवा सांगू लागला, आणि धूर होऊ नये म्हणून ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) डिझेल तोडलं. स्कॅनरवर त्याच बूस्टला (टर्बोच्या दाबाला) प्रति स्ट्रोक ७२० मिलिग्रॅम हवा दिसत होती. मूळ गळा लावल्यावर ८५५. तो गळा मालकांनी घरी पोत्यात जपून ठेवला होता म्हणून बरं. जाळीचं तेल सेन्सरवर चढलं होतं, ते सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने काढलं. त्या तारेला बोट किंवा ब्रश लावायचा नाही.

आता नवा फिल्टर. या इंजिनाला पूर्ण भारावर मिनिटाला साधारण सहा घनमीटर हवा लागते. शंकूच्या घड्या मी मोजल्या: ४०, प्रत्येक अडीच सेंटिमीटर खोल, १५ लांब. दोन्ही बाजू धरून ०.३ चौरस मीटर. त्याऐवजी गोल डब्यातला कागदी एलिमेंट घेतला: १५० घड्या, तीन सेंटिमीटर खोल, २८ लांब, म्हणजे अडीच चौरस मीटर. कागदातून हवा सेकंदाला चारच सेंटिमीटरने जाते, त्यामुळे बारीक धूळही अडते आणि घड्या लवकर भरत नाहीत. "मोठा फिल्टर" म्हणायचा तर हा. आत दुसरा छोटा सेफ्टी एलिमेंट, डब्याच्या तळाला धूळ टाकणारी रबरी चोच, तोंड खाली करून. हवेचं तोंड बॉनेटबाहेर, केबिनच्या छपराच्या उंचीवर, वर भोवऱ्याने धूळ फेकणारा प्रीक्लीनर. चाकाची धूळ तिथवर कमी पोहोचते. बाहेरून दिसणारा असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, ते आम्ही घेतलं.

टर्बोला नवा कोअर (शाफ्ट, बेअरिंग आणि पात्यांचा आतला भाग) टाकला. इथे घाई करणाऱ्यांची इंजिनं जातात. जुन्या टर्बोने गळवलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये साठतं. आमच्याकडे जवळपास २०० मिलिलिटर निघालं. ते तसंच राहिलं किंवा डिझेलने धुऊन ओलं बसवलं, तर इंजिन तेच पिऊन पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून धुऊन, उलट्या दिशेने हवा मारून, रात्रभर उभा वाळवला. टर्बोच्या ऑइलच्या भोकात ताजं ऑइल ओतलं, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला, मग पाच मिनिटं नुसतं आयडल.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या जोडांना स्क्रूच्या साध्या क्लिपा न लावता टी-बोल्टच्या लावल्या, आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली याची प्रत्येक ठिकाणी खात्री केली. उंचवट्यावरच बसली तर सिलिकॉन होज थोड्याच दिवसांत सरकतो. छपराजवळचं हवेचं तोंड बंद करून ०.२ बार हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. आधी क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या पोटाच्या) श्वासाची नळी बंद करायची, नाहीतर दाब ऑइल सीलांवर जातो. प्रीक्लीनरखालच्या कोपराला बुडबुडे आले. तिथे धूळ फिल्टरच्या आधीच शिरते, तरी मी जोड उघडून पुन्हा बसवला. पावसात पाणीही तिथूनच शिरेल.

घाटात पुन्हा मोजलं. पाणी २८० मिलिमीटर, हवा ४१ अंश. अडथळा वाढला, तरी जिथे दुसरा गिअर लागायचा त्या वळणावर गाडीने तिसरा धरला. मालक नळीतल्या पाण्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हवा कमी झाली आणि गाडी चांगली झाली?" मी त्यांना ६४ आणि ४१ हे दोन आकडे लिहून दिले.

टर्बोच्या तोंडाआधीच्या नळीत आतून पांढऱ्या ग्रीसची पातळ पट्टी लावून ठेवली. सहाशे किलोमीटर झाल्यावर उघडली, पट्टी पांढरीच होती. पुसून परत लावली आणि मालकांना सांगितलं, कॉम्प्रेसरच्या हवेने एलिमेंट झाडायचा नाही, पाण्याची नळी ५०० दाखवेल तेव्हा थेट बदलायचा. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा मात्र फिल्टरने परत येत नाहीत. ते काम दिवाळीनंतर काढायचं ठरलं.