आंगठ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशी आणि कापसाचं बोंड
धुळ्यात फिजिओथेरपी करतेय त्याला १४ वर्षं झाली, पण मागच्या ऑक्टोबरमधला तो सोमवार काही डोक्यातून जात नाही.

मावशी शिंदखेड्याकडच्या, वय ५८. आंगठ्याच्या बुडाशी दोन वर्षं दुखायचं, गोळ्या झाल्या, पट्टा झाला, इंजेक्शन पण झालं, शेवटी पोळ्याच्या आधी ऑपरेशन. यात ट्रॅपेझियम म्हणून मनगटातलं एक छोटं हाड असतं ते झिजलं की अख्खं काढून टाकतात, मनगटाच्याच एका दोरीची म्हणजे टेंडनची अर्धी पट्टी घेऊन आंगठ्याच्या हाडाला बांधतात आणि उरलेलीची गुंडाळी करून त्या पोकळीत बसवतात. मावशींना पहिल्या दिवसापासून एकच धास्ती, "हाड काढी टाकं ना ताई, मंग आंगठा कशावर राही?"

चार आठवडे प्लास्टर, मग काढता-घालता येणारा स्प्लिंट. आंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा व्यायाम छान जमत होता आणि सातव्या आठवड्यात त्या सोमवारी आल्या तर हात टम्म सुजलेला. तीन दिवस कापूस वेचला म्हणे. मी चिडलेच, जोर लावू नका असं दहा वेळा सांगितलं होतं ना! त्या शांतपणे म्हणाल्या, "कापूस काय मनी वाट देखी का ताई?" मजूर मिळत नव्हते, वर आभाळ आलेलं. आणि पिशवीतून एक बोंड काढून मला वेचून दाखवलं, आंगठा आणि दोन बोटांची चिमूट, थोडा पीळ, ओढ, की कापूस बाहेर. असं दिवसभर, हजारो वेळा. चिमटीत १ किलोचा जोर लावला की बुडाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब येतो हे मी कॉलेजपासून पाठ म्हणते, पण मावशी हाताने नेमकं काय काम करतात हे दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी जोर म्हणजे पाण्याची कळशी, पोतं. कापसाला कसला आलाय जोर! खरंच खूप वाईट वाटलं, चूक माझी होती.

लगेच सर्जनकडे पाठवलं, एक्सरे काढला, नशिबाने काही सरकलं नव्हतं. पुन्हा स्प्लिंट, दहा दिवस पूर्ण आराम. नंतर ताकदीचे व्यायाम सुरू केले ते बोंडांवरच, त्या घरून घेऊन यायच्या, आधी पाच, मग दहा, आणि पीळ आंगठ्याने न देता अख्ख्या हाताने कसा द्यायचा ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं.

संक्रांतीला तीळगूळ घेऊन आल्या. दुखणं जवळजवळ गेलंय, सकाळी तासभर वेचतात, बाकीचं सुनेकडे. बरणीचं घट्ट झाकण मात्र अजून फिरत नाही, पण ऑपरेशनला सहा महिने तरी कुठे झालेत, चिमटीची ताकद यायला कधीकधी वर्ष लागतं.