तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या भाकरीवरचे मऊ लोणी

परभणीला आमच्याकडे जेवून गेलेले पाहुणे निघताना बहुधा हमखास विचारतात, की फ्रीजमधून काढल्या काढल्या हे लोणी भाकरीवर इतके सहज कसे पसरते आणि त्याचा रंग असा फिकट पिवळा कसा. ते निम्मे लोणी आणि निम्मे करडईचे तेल आहे.

याची सुरुवात सासऱ्यांच्या तपासणीपासून झाली. कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी लोणी-तूप आवरायला सांगितले. ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात आली की तिचा पापुद्रा बोटाने उचलायचा आणि आत लोण्याचा गोळा सरकवायचा, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. लोणी नसेल तर भाकरीही नको, असे म्हणून ते एकदा ताटावरून उठले, तेव्हा मला फार वाईट वाटले. विकतचे मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलापासून बनवलेले लोण्यासारखे स्निग्ध, आणावे, असे नात्यातल्या एकांनी सुचवले. खाद्यतेले, वनस्पती तूप आणि मार्जरीन यांतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक असलेल्या स्निग्धांशावर, 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे, पण घरात रोज साय विरजली जात असताना डबाबंद पदार्थ आणणे मला पटले नाही.

करडई, जिला आमच्याकडे करडी म्हणतात, ती या भाकरीची जुनी सोबतीण आहे. रब्बीच्या ज्वारीत तिच्या ओळी टाकायच्या, किंवा काटेरी असल्यामुळे जनावरे आत शिरू नयेत म्हणून ती शेताच्या कडेने पेरायची, ही इकडची रीत. आणि ठेच्यावर करडीच्या तेलाची धार सोडून भाकरी खाणे तर घरोघरी चालते. त्यामुळे हे तेल लोण्यात गेले, तरी चव परकी वाटणार नाही, अशी माझी खात्री होती.

पहिला प्रयत्न मात्र फसला. मी लोणी वितळवून तेलात मिसळले. सकाळी पाहते तो तळाशी रवाळ थर आणि वर तेल. वितळलेले लोणी सावकाश थिजले की त्यातील स्निग्धांशाचे मोठे दाणे बनतात, हे मला नंतर उमगले. म्हणून लोणी मऊ हवे, वितळलेले नको. उन्हाळ्यात दुपारी ते आपोआपच वितळू लागते, तेव्हा हे काम सकाळी लवकर करावे. ताजे लोणी गार पाण्याने, धुवण नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवावे, कारण आत राहिलेल्या ताकाने ते लवकर आंबते. मग पाव किलो लोणी फेसून हलके करावे आणि तेवढ्याच वजनाचे तेल बारीक धारेने, फेसणे न थांबवता, त्यात सोडावे. लाकडी घाण्याच्या तेलाला वास असतो. तो नको असेल, तर रिफाइंड तेल घ्यावे. शेवटी चिमूटभर मीठ. मिश्रण पातळ दिसले तरी घाबरू नये, फ्रीजमध्ये ते दोन तासांत आळते. करडईच्या तेलातील असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) मेदाम्ले थंडीतही गोठत नाहीत, म्हणूनच मिश्रण दगडासारखे घट्ट होत नाही.

आता फायदा नेमका किती, तेही सांगते. 100 ग्रॅम लोण्यात संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट, जो कोलेस्टेरॉल वाढवतो) सुमारे 50 ग्रॅम असतो, करडईच्या तेलात तो 10 ग्रॅमही नसतो. म्हणजे या मिश्रणात तो 30 ग्रॅमच्या आसपास येतो. रोजच्या उष्मांकांपैकी 10 टक्क्यांहून कमी संपृक्त स्निग्धांशातून यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा साधारण 22 ग्रॅम होते. 15 ग्रॅमचा एक मोठा चमचा लोणी त्यातले सात-साडेसात ग्रॅम व्यापते, हे मिश्रण साडेचार. मात्र उष्मांक कमी होत नाहीत. लोण्यात थोडे पाणी असते, तेलात नसते, त्यामुळे ते उलट किंचित वाढतात. वजन उतरवण्यासाठी कोणी हे करणार असेल, तर मी त्यांना स्पष्टपणे नको म्हणते.

करडईचे तेल लवकर खवट होते, म्हणून मी पंधरा दिवसांपुरतेच करते, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि ओला चमचा त्यात घालू देत नाही. मे महिन्यात डबा जेवणाच्या जागी आणत नाही. लागेल तेवढेच वाटीत काढते. सासऱ्यांच्या भाकरीला एका वेळी एक सपाट चहाचा चमचा ठरला आहे. पापुद्रा ते अजूनही बोटानेच उचलतात, आणि चमचा मात्र माझ्या हाती असतो.