"बाई, फळा चमकतो"

"बाई, फळा चमकतो."

चौथीतली पोरगी मान तिरकी करून वहीत उतरवत होती. "सरळ बस गं" म्हटलं, तर हळूच हे बोलली.

तिच्या जागेवर जाऊन बसले. खरंच की! खिडकीतला उजेड फळ्यावर असा पडत होता की मी लिहिलेल्या '१६ जून, सोमवार' मधला 'सोमवार' तिला दिसतच नव्हता.

"गेल्या वर्षीही इथंच बसायचीस?"

"हो."

आमची तिसरी-चौथी एकाच खोलीत भरते. म्हणजे वर्षभर ती अर्धीच ओळ वाचत होती, आणि मी तिच्या वहीवर लाल पेनानं 'अपूर्ण' लिहीत होते. ते लाल शेरे दिवसभर डोळ्यांसमोरून हलले नाहीत.

सकाळी प्रवेशोत्सव छान झाला. तोरणं, रांगोळी, गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं. पण वर्ग मुलाच्या जागेवरून कसा दिसतो, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

मुलं गेल्यावर एकेका जागेवर बसून पाहिलं. एका बाकाचा खिळा वर आलेला, फ्रॉक अडकेल असा. बाराखडीचा तक्ता इतका उंच, की तो माझ्यासाठीच लावलाय असं वाटावं. खिळा ठोकला, तक्ता खाली आणला, बाक तिरके केले, खिडकीला जुनी ओढणी बांधली. तासभराचं काम.

आता दर सोमवारी जागा बदलायचं ठरवतेय. तुम्ही वर्गात मुलं कशी बसवता?