नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर

रविवारी आईला आणि भाच्याला घेऊन भल्या पहाटे नाशिकहून निफाडच्या रस्त्याला लागलो. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांचं फावलं. २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वरचं हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. अभिमान वाटतोच!

मनोऱ्यावरून दुर्बिणीत जांभळी पाणकोंबडी सापडली. लांब लाल बोटांत देठ पकडून ती आतला गर सोलून खात होती, ऊस सोलावा तशी. भाचा दुर्बीण सोडेना. शेजारीच हळदी-कुंकू बदक, चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके.

समुद्रासाठी आपण घाट उतरतोच, पण हिवाळ्यात हा काठही बघा. सकाळी लवकर पोहोचा, आणि पाण्याजवळ हळू बोला.